आईची खालची दाढ, तीन डॉक्टर आणि तीन सल्ले

प्रश्न थोडक्यात असा. आईचं वय ६१, राहणं सातारा जिल्ह्यातल्या गावी. खालच्या डाव्या बाजूची मोठी दाढ चार वर्षांपूर्वी काढली, तिच्या मागची गेल्या वर्षी. त्यामागे अक्कलदाढ आहे, पण पुढे कललेली. उजवीकडची वरची एक दाढ दहाएक वर्षांपूर्वीच गेली. मधुमेह आहे, शेवटचा एचबीए१सी (तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ८.९ आला. एका डॉक्टरांनी ब्रिज (शेजारच्या दातांवर कॅपा घालून मधला दात जोडणं) सांगितला, दुसऱ्यांनी दोन इम्प्लांट (हाडात धातूचा खिळा आणि त्यावर दात), तिसऱ्यांनी काढता-घालता येणारे दात. आई म्हणते, "हसताना दिसत नाही, मग पैसे कशाला घालवता?" यातलं कोणाचं ऐकायचं, असं मुलगा विचारतो.

मी सव्वीस वर्षं दात बसवण्याचंच काम करतोय. तुम्ही ओपीजीचा, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेचा, मोबाइलवर काढलेला फोटो पाठवलात, तोही पाहिला. तोंड न बघता शेवटचा शब्द देता येत नाही, पण दिशा नक्की सांगता येईल.

आधी आईंच्या प्रश्नाचं बोलू, कारण तिघा डॉक्टरांच्या सल्ल्यांपेक्षा तो जास्त मुद्द्याचा आहे. दाढ दिसण्यासाठी नसतेच. ती दळण्यासाठी असते, आणि वर-खाली जोडी असली तरच दळते. जात्याची खालची तळी काढून घेतली तर वरची कितीही शाबूत असून काय उपयोग? आईंच्या डाव्या बाजूला खालच्या दोन दाढा गेल्या, पण त्यांच्यासमोरच्या वरच्या दोन्ही दाढाही तेव्हापासून जवळपास बेकार झाल्या आहेत.

आणि बेकार दाढ जागेवर गप्प बसत नाही. समोरून दाब मिळेनासा झाला की ती हळूहळू खाली उतरते, हाडासकट. तुमच्या फोटोत वरची डावी मोठी दाढ शेजारच्या दातांच्या ओळीपेक्षा खाली आलेली स्पष्ट दिसते. खालून अक्कलदाढ पुढे झुकली आहे. उतरलेल्या आणि झुकलेल्या दातांच्या मध्ये फटी पडतात, त्या फटींत मेथीची काडी, मटणाचा धागा, पोह्यातलं खोबरं अडकतं, तिथे कीड लागते, आणि मग गेलेल्या दाढेपायी शेजारची चांगली दाढ जाते. तिसरी गोष्ट हाडाची. दात काढल्यावर जबड्याचं तिथलं हाड झिजू लागतं. पहिल्या वर्षात रुंदी निम्म्यापर्यंत घटू शकते, आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. आईंच्या बाबतीत पुढच्या जागेचं हाड बारीक झालेलं असणार, मागच्या जागेचं त्या मानाने बरं.

एक घरगुती परीक्षा सांगतो. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा आईंच्या शेजारी जेवायला बसा आणि त्या काय खातात यापेक्षा कसं खातात ते बघा. "मला काही त्रास नाही, सगळं खाते" असं माझ्याकडे येणारी प्रत्येक आई सांगते. मग विचारत गेलं की कळतं, शेंगदाण्याच्या जागी दाण्याचं कूट आलंय, पेरू सुटलाय, काकडीची कोशिंबीर फक्त किसूनच चालते, आणि भाकरी आमटीत कुस्करल्याशिवाय पोटात जात नाही. माणूस खाणं बदलतो, तक्रार करत नाही. मधुमेहाच्या माणसाला तर कच्चं, चोथ्याचं, चावून खायचंच जास्त हवं असतं. आणखी एक खूण: ज्या बाजूने चावलं जात नाही त्या बाजूला दातांवर पिवळट थर जास्त साचतो. चावताना अन्न दातांवरून घासत जातं आणि तेवढी तरी सफाई होते. आईंची डावी बाजू बघा, बहुधा तसंच असेल.

मात्र प्रत्येक मोकळी जागा भरलीच पाहिजे असं नाही, हेही आईंच्या बाजूने सांगायला हवं. नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या कायझर या दंत-संशोधकांनी १९८१ च्या सुमारास अशा लोकांचा अभ्यास मांडला ज्यांच्या मागच्या दाढा गेल्या होत्या पण पुढचे दात आणि उपदाढा (सुळ्यामागच्या छोट्या दाढा) शाबूत होत्या. त्यातल्या बऱ्याच जणांचं खाणं-पिणं नीट चाललं होतं. सगळे ३२ दात टिकवण्याचा हट्ट सोडून किमान २० कामाचे दात टिकवा, हे उद्दिष्ट तेव्हापासून जगभर मानलं गेलं. जपानने १९८९ पासून 'ऐंशीव्या वर्षी वीस दात' अशी मोहीमच चालवली. म्हणून आईंची उजवीकडची वरची जागा मी सोडून देईन. दहा वर्षांत मागची दाढ पुढे सरकून ती फट जवळपास मिटली आहे, खालची दाढ तिच्यावर टेकते आहे. तिथे काही बसवायचं म्हणजे नीट बसलेली घडी मोडायची. कोणी 'हेही करून घेऊ' म्हणालं तर नको म्हणा.

आता डावी बाजू.

ब्रिजचा सल्ला मला पटत नाही. ब्रिज ही चांगली चीज आहे. मधला एकच दात गेलेला असेल आणि शेजारच्या दोघांनाही आधीच मोठं फिलिंग किंवा कॅप असेल, तर मी आजही डोळे मिटून ब्रिज करतो. पण पुलाला खांब लागतात, आणि तुमच्या आईंचे खांब असे आहेत: पुढे एकमुळी उपदाढ, मागे कललेली अक्कलदाढ. मध्ये गेलेल्या दोन दाढांची जागा. खांबांच्या मुळांची मिळून पकड जेवढी, तेवढाच भार त्यांच्यावर टाकावा, हा आमच्या शास्त्रातला १९२६ पासूनचा ठोकताळा. इथे दोन मोठ्या दाढांचं ओझं एका बारीक मुळाच्या आणि एका वाकड्या मुळाच्या दातावर येणार. शिवाय दोन्ही कॅपा एकाच दिशेने खाली बसायच्या तर कललेली दाढ सरळ असल्यासारखी घासावी लागते. त्यात ती आतल्या नसेला लागेपर्यंत कापली जाते, मग रूट कॅनॉल, मग त्यावर कॅप. उपदाढ पूर्ण निरोगी आहे, तीही सगळ्या बाजूंनी घासायची. एकदा घासलेला दात परत उगवत नाही.

असे लांब ब्रिज बहुतेक वेळा मोडत नाहीत, आतून सडतात. कॅपच्या कडेखाली कीड शिरते, पण दोन्ही टोकं एकमेकांना बांधलेली असल्यामुळे एक खांब सुटला तरी ब्रिज जागेवरच राहतो. कळतं ते तोंडाला वास येऊ लागतो तेव्हा. मी असे ब्रिज काढले आहेत. आत खांबाच्या जागी ओल्या तपकिरी भुशासारखं काहीतरी उरलेलं असतं आणि रुग्ण म्हणतो, "पण दुखत तर नव्हतं." दुखणार कसं, रूट कॅनॉल आधीच झालेलं होतं.

दुसरा सल्ला इम्प्लांटचा. हा प्रकार आता नवा राहिलेला नाही. ब्रोनेमार्क नावाच्या स्वीडिश संशोधकाने १९५० च्या दशकात सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची छोटी नळी बसवली होती. प्रयोग संपल्यावर काढायला गेला तर ती हाडाशी इतकी एकजीव झाली होती की निघेना. टायटॅनियम महाग, परत वापरायचं होतं, आणि ते निघत नव्हतं. १९६५ मध्ये त्याने पहिल्या माणसाच्या जबड्यात हेच खिळे बसवले. त्या रुग्णाला ते पुढे चाळीस वर्षं, अगदी शेवटपर्यंत पुरले. म्हणजे हाड चांगलं, हात चांगला आणि सफाई चांगली असली तर इम्प्लांट टिकतात याबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. शेजारच्या दातांना हात लावावा लागत नाही, हा मोठा फायदा.

पण दोनच कशाला? दोन दाढांची जागा होती, त्यात अक्कलदाढ पुढे आली. फोटोवरून मला आता दीड दाढेएवढीच जागा दिसते. ओपीजीत मापं ताणली जातात, म्हणून खरं माप तोंडात किंवा सीबीसीटीत (जबड्याच्या त्रिमितीय स्कॅनमध्ये) घ्यावं लागेल, पण अंदाज तोच. दीड दाढेत दोन इम्प्लांट कोंबले तर दोघांच्या मध्ये ब्रश जाणार नाही. मी तिथे एकच इम्प्लांट घालीन, पुढच्या जागी, म्हणजे जी 'सहा वर्षांची दाढ' होती तिच्या ठिकाणी. चावण्याचं मुख्य काम तीच करते. मागे जी मोकळी जागा उरेल ती उरू द्यायची. अर्धवट अरुंद फट वाईट, कारण तीत अन्न रुततं. रुंद मोकळी जागा बरी, चूळ भरली की साफ. अक्कलदाढ कललेली असली तरी वरच्या मागच्या दाढेला तिचा थोडा टेका मिळतोय, तेव्हा किडलेली नसेल आणि हिरडी ठीक असेल तर तीही राहू दे. म्हणजे तिघांपैकी कोणाचाच सल्ला मी जसाच्या तसा घेत नाही, इम्प्लांटवाल्यांचा निम्मा घेतो.

(सहा वर्षांच्या दाढेवरून आठवलं. तुमची मुलं त्या वयाची असतील तर आजच तोंड उघडून बघा. ही दाढ दुधाचा एकही दात न पडता सगळ्यात मागे गुपचूप येते, म्हणून आईबापांना ती दुधाचीच वाटते. "पडणारच आहे" म्हणत ती किडू देतात, आणि मोठेपणी माझ्याकडे सगळ्यात जास्त माणसं याच दाढेच्या रिकाम्या जागेसाठी येतात.)

एका इम्प्लांटसाठीही तीन गोष्टी जमायला हव्यात. हाडाची रुंदी सहा-सात मिलिमीटर तरी हवी, म्हणजे खिळ्याच्या दोन्ही बाजूंना हाडाची भिंत उरते. खोली इतकी हवी की खिळ्याच्या टोकाखाली दोन मिलिमीटर अंतर सोडून मग नस यावी. खालच्या जबड्यातून जाणारी ती नस ओठाला आणि हनुवटीला संवेदना देते. तिला धक्का लागला तर ओठ महिनोन्महिने बधिर राहू शकतो, कधी कायमचा. म्हणून नुसत्या ओपीजीवर खालच्या दाढेचं इम्प्लांट करायला निघालेल्या डॉक्टरांना सीबीसीटीबद्दल विचारा. तिसरं, वरून जागा. वरची दाढ खाली आली आहे. खालच्या हिरडीपासून तिच्यापर्यंत किमान सात मिलिमीटर तरी मिळाले पाहिजेत, नाहीतर खिळा उत्तम बसेल आणि त्यावर दात बसवायला जागाच नसेल. थोडं कमी पडत असेल तर वरची दाढ किंचित घासून भागतं. फारच उतरली असेल तर तिचं रूट कॅनॉल करून कॅप घालावी लागते, आणि तो खर्च अंदाजपत्रकात कुणी धरलेला नसतो. आधीच विचारून घ्या.

आणि साखर. ८.९ म्हणजे गेल्या अडीच-तीन महिन्यांची सरासरी चढी आहे. अशात जखम हळू भरते, जंतूंना फावतं आणि हाड खिळ्याला नीट धरत नाही. मधुमेह आहे म्हणून इम्प्लांट नाही, असं कुणी म्हणत असेल तर ते जुनं झालं. आवाक्यातल्या मधुमेहात ते व्यवस्थित जमतात. माझी स्वतःची रेघ ७.५ वर आहे, त्याच्या वर असेल तर मी तारीख देत नाही. तोवर दात साफ करून घ्या, हिरड्यांवर इलाज करून घ्या. हिरड्यांची सूज उतरली की साखर आवरायलाही थोडी मदत होते, हे दोन्ही बाजूंनी चालतं.

आई मिशरी लावतात का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. कदाचित तुम्हाला माहीतही नसेल. आपल्या भागातल्या त्या वयाच्या बायका हे मुलाला सांगत नाहीत, डॉक्टरलाही सांगत नाहीत. आम्ही दातांच्या आतल्या बाजूचा काळा थर बघून ओळखतो आणि मग त्या हसून पदर तोंडाला लावतात. मिशरी तंबाखूच आहे. ती चालू असताना हिरड्या धड राहत नाहीत, मग इम्प्लांट कशाच्या भरवशावर करायचं? ओरडू नका, पण सोडवा.

सगळं जमलं तर वेळापत्रक असं: खिळा बसवणं, साधा दात काढण्याएवढीच भूल, पाऊण तास. मग खालच्या जबड्यात साधारण तीन महिने थांबायचं आणि नंतर वर कॅप. 'तीन दिवसांत पक्के दात' अशा जाहिराती तुम्ही बघितल्या असतील. काही निवडक तोंडांत लगेच दात जोडता येतो, पण ८.९ ची साखर आणि मागच्या दाढेचा भार ही त्यातली केस नव्हे. काम झाल्यावर खिळ्याच्या कंपनीचं नाव, माप आणि लॉट नंबर असलेलं स्टिकर फाइलमध्ये मागून घ्या. दहा वर्षांनी स्क्रू ढिला झाला आणि कंपनी माहीत नसली तर त्याला लागणारी चावी शोधण्यात आमचा दिवस जातो. आणि इम्प्लांटला कीड लागत नाही हे खरं, पण त्याच्याभोवतीचं हाड सफाईअभावी खचतं, तेही बिनदुखत. वर्षातून दोनदा दाखवणं त्यात आलंच.

तिसरा सल्ला, काढता-घालता सेट. आईंची साखर आवाक्यात येईना, किंवा हाड अपुरं निघालं, किंवा खर्च झेपत नसला, तर हा मार्ग हलका समजू नका. पण सेट कसला ते विचारा. नुसत्या गुलाबी प्लास्टिकचा सेट हिरडीवर टेकतो आणि चावताना हिरडीत रुततो. 'फ्लेक्सिबल' म्हणून जो लवचिक सेट मिळतो तो दिसायला आणि घालायला छान, पण तोही सहसा हिरडीवरच दाबतो, तात्पुरता ठीक. आईंसाठी धातूच्या सांगाड्याचा, म्हणजे कास्ट पार्शल हवा. पुढे उपदाढ आणि मागे अक्कलदाढ, दोन्हींवर त्याचे छोटे हात टेकतात, भार दातांवर जातो. ब्रिजला जी अक्कलदाढ पुरत नाही ती इथे पुरते, कारण सेट दुसऱ्या बाजूच्या दातांनाही धरून असतो.

सेटचा खरा शत्रू खिसा. एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर माझ्याकडे येतात. त्यांची खालची कवळी शर्टाच्या वरच्या खिशात, रुमालात. लग्नात फोटो काढताना लावायची आणि पंगतीला बसताना काढून ठेवायची! कोरडी राहून राहून ती इतकी वाकडी झाली की शेवटी फोटोलाही बसेना. कवळी किंवा सेट रात्री काढून साध्या पाण्यात ठेवायचा. गरम पाणी नको, आकार बिघडतो. टूथपेस्ट नको, चरे पडतात आणि चऱ्यांत बुरशी राहते. साबण आणि मऊ ब्रश पुरे. धुताना खाली पाण्याने भरलेली बादली ठेवा, हातातून सुटला तर फुटणार नाही.

खर्चाचा प्रश्न असेल तर मुंबईला सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय, महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय, किंवा तुम्हाला जवळ पडेल ते एखादं दंत महाविद्यालय बघा. वेळ जास्त लागतो, चकरा होतात, पण शिकणाऱ्या मुलांवर प्राध्यापकांची नजर असते आणि काम घाईत होत नाही.

जे अजिबात करायचं नाही तेही सांगून ठेवतो, कारण गावाकडे हे अजून चालतं. एका मावशींचे पुढचे दोन दात बाजारात बसलेल्या एका 'दातवाल्याने' तासाभरात 'फिक्स' करून दिले होते. तारेने शेजारच्या दातांना बांधून वरून प्लास्टिकचा लगदा थापलेला, हिरडीत गाडलेला. वर्षभराने सूज आली म्हणून आल्या. ते काढताना त्यांचे स्वतःचे दोन चांगले दात त्याच्यासोबतच हातात आले. ज्याला घासता येत नाही आणि काढताही येत नाही असं काही तोंडात चिकटवून घेऊ नये.

उरला तो आईंचा एक समज, जो तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलाय: वरची दाढ काढली की नजर जाते, म्हणून त्या वरच्या दाढेला हात लावू देणार नाहीत. डोळ्याची नस वेगळी, दाताची वेगळी. दाढा काढायचं वय आणि चष्मा लागायचं, मोतीबिंदू व्हायचं वय एकच असतं, तेवढाच संबंध. पण वाद घालत बसू नका, वरची दाढ काढायची नाहीच आहे, फार तर घासायची किंवा तिला कॅप घालायची आहे.

दाखवायला जाल तेव्हा आईंची सगळी औषधं पिशवीतच घेऊन जा, चिठ्ठी नको. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आपल्या मनाने बंद करू नका. आणि हाडं ठिसूळ झाली म्हणून वर्षातून एकदा सलाइनमधून दिलेलं एखादं इंजेक्शन झालं असेल तर ते आवर्जून सांगा. रोजची गोळी नसल्यामुळे ते कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि त्याच्यानंतर जबड्याच्या हाडाला हात लावायचा की नाही हा वेगळाच हिशेब असतो. सीबीसीटी केलात तर फिल्मबरोबर सीडी किंवा लिंक मागा. फिल्मच्या फोटोवर मला नस मोजता येणार नाही.